हवामान डेटाचे आडवे काप कसे काढायचे आणि कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान मॉडेलचा (म्हणजे कॉम्प्युटरवर हवेचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅमचा) डेटा उघडून स्वतः नकाशे काढायला लागलं की काही प्रश्न पडतातच, आणि जवळपास सगळ्यांना तेच पडतात, म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. क्रमाने वाचायची गरज नाही. दाबाच्या पातळीबद्दलचं आणि जमिनीखालच्या आकड्यांबद्दलचं उत्तर मात्र सोडू नका, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आडवा काप म्हणजे नेमकं काय?

हवेचा डेटा म्हणजे एक मोठा ठोकळा धरा, त्याला लांबी रुंदी उंची आहे आणि शिवाय दर तासाला किंवा दर ३ तासांनी तो बदलतो. स्क्रीन सपाट, त्यामुळे अख्खा ठोकळा एकदम दिसत नाही. मग आपण काय करतो, एक उंची ठरवतो, एक वेळ ठरवतो, आणि त्या उंचीवर जागोजागी तापमान किती, वारा किती, ओलावा किती हे नकाशावर पसरतो. झाला आडवा काप. आयडीव्ही मध्ये याला प्लॅन व्ह्यू म्हणतात, मेट थ्रीडी मध्ये हॉरिझॉन्टल सेक्शन, व्हेपर आणि पॅराव्ह्यू मध्ये नुसतं स्लाइस (ही सगळी डेटा बघायची सॉफ्टवेअर), पण काम एकच.

फक्त "एक उंची ठरवतो" हे बोलायला सोपं आहे. उंची मोजायच्या चार पाच पद्धती आहेत आणि प्रत्येकीने निघणारा काप वेगळा असतो. कुठलाही नकाशा समोर आला की रंग बघायच्या आधी स्वतःला विचारा की या पृष्ठभागावर सगळीकडे सारखं काय आहे: दाब, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीपासूनची उंची, का आणखी काही. हे ठरलं की पुढचं वाचन सोपं जातं.

लेव्हल ८५०, ५०० अशा आकड्यांत का असते? सरळ मीटरमध्ये का देत नाहीत?

ते आकडे दाबाचे आहेत, हेक्टोपास्कलमध्ये, आणि मिलिबार म्हटलं तरी आकडा तोच राहतो. हवेचे बलून वर जाताना दाब मोजत जातात, विमानांची उंचीसुद्धा मुळात दाबावरूनच काढलेली असते, आणि हवेची गणितं दाबाच्या पृष्ठभागावर मांडली की घनता समीकरणातून बाहेर पडते त्यामुळे हिशोब सुटसुटीत होतो. म्हणून ही पद्धत रुळली आणि अजून टिकून आहे.

प्रमाण वातावरणात, म्हणजे जिथे समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि १५ अंश धरतात तिथे, ९२५ ची लेव्हल साधारण ७६० मीटरवर येते, ८५० सुमारे १४६० मीटरवर, ७०० तीन किलोमीटरवर, ५०० साडेपाच किलोमीटरच्या थोडं वर, ३०० सुमारे ९.२ किलोमीटरवर आणि २०० पावणेबारा किलोमीटरवर. विमानवाल्यांच्या भाषेत ५०० म्हणजे फ्लाइट लेव्हल १८० आणि २५० म्हणजे ३४०.

आता महत्त्वाची गोष्ट. ५०० हेक्टोपास्कलचा काप स्क्रीनवर सपाट कागदासारखा दिसतो पण हवेत तो सपाट नसतो. उष्ण भागात हवा फुगलेली असते त्यामुळे ५०० ची पातळी ५८८० मीटर किंवा त्याच्याही वर जाते, आणि ध्रुवाकडच्या हिवाळी थंड हवेत तीच पातळी ५००० च्या आसपास खाली येते. म्हणजे एकाच नकाशाच्या दोन टोकांत पाऊण किलोमीटरपेक्षा जास्त चढउतार आहे. त्या पृष्ठभागाला डोंगर दऱ्या आहेत असं समजा, आणि ५०० च्या नकाशावर ज्या काळ्या रेषा असतात त्या त्याच डोंगर दऱ्यांच्या समोच्च रेषा आहेत, भूगोलाच्या नकाशात असतात तशाच. जिथे दरी तिथे त्या उंचीवर दाब कमी, जिथे उंचवटा तिथे दाब जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की वरच्या हवेचे नकाशे वाचायला भीती वाटत नाही, आणि मला मनापासून वाटतं की शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी दुसरं काही न सांगता हेच सांगावं.

कुठली लेव्हल कशासाठी बघायची?

ठोस नियम नाही, पण सवयीने लोक असं बघतात. ९२५ आणि ८५० वर खालच्या थरातला ओलावा, गरम थंड हवेची ये-जा, आणि चक्रीवादळाचा खालचा घेर छान दिसतो. ८५० चं तापमान दिवसरात्रीच्या जमिनीच्या तापण्याने फारसं हलत नाही (सखल भागात तरी), म्हणून हवेचा पुंजका कुठला आहे ते ओळखायला ते चांगलं. ७०० वर सापेक्ष आर्द्रता आणि उभी हालचाल बघतात, ढगांचे मोठे थर साधारण तिथे कळतात. ५०० वर मोठ्या लाटा बघायच्या, म्हणजे ट्रफ (दरी) आणि रिज (उंचवटा), शिवाय व्हॉर्टिसिटी, म्हणजे हवा किती गरगर फिरतेय ते. वातावरणाचं जवळपास निम्मं वस्तुमान या पातळीच्या खाली असतं म्हणून ती मधली पातळी समजतात. ३०० ते २०० ही झोतवाऱ्याची (जेट स्ट्रीम) जागा, थंडीत मध्य अक्षांशांत ३०० किंवा २५० आणि उन्हाळ्यात २५० किंवा २०० बघा, कारण ट्रोपोपॉज (हवेच्या सगळ्यात खालच्या थराचं छत) वर खाली होतो त्याबरोबर झोताची उंचीही बदलते.

दोन कापांची वजाबाकी हा पण एक उपयोगी नकाशा आहे. ५०० ची उंची वजा १००० ची उंची केली की मधल्या थराची जाडी मिळते, आणि जाडी म्हणजे त्या थराचं सरासरी तापमानच. ५४०० मीटरची जाडीरेषा पाऊस का बर्फ याचा ढोबळ अंदाज द्यायला खूप वर्षं वापरली जाते. ढोबळच धरा.

डोंगराळ भागात ८५० चं तापमान विचित्र येतंय, कधी कोरी जागा येते, कधी वेडेवाकडे आकडे. फाईल खराब आहे का?

फाईल बहुतेक ठीक आहे. ती पातळी तिथे जमिनीच्या आत आहे.

तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ४५०० मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे जमिनीवरच दाब ६०० हेक्टोपास्कलपेक्षा कमी असतो. मग ८५० ची हवा तिथे असणार कुठून, ती पातळी खडकाच्या आत आहे. अँडीजच्या वरच्या भागात तेच. ग्रीनलँडच्या बर्फाच्या माथ्यावर तर ७०० सुद्धा जमिनीखाली जाते. आता काही मॉडेलच्या फाईलींमध्ये अशा ठिकाणी आकडाच नसतो त्यामुळे भोक दिसतं, आणि काहींमध्ये खालपर्यंत गणिताने ताणून एक काल्पनिक आकडा भरलेला असतो, नकाशा सलग दिसावा आणि पुढचे हिशोब अडू नयेत म्हणून. ईआरए५ आणि जीएफएस (मागच्या आणि पुढच्या हवेचा नेहमीचा डेटा, पुढच्या उत्तरात येईल) दोन्हींत असे भरलेले आकडे मिळतात. धोका या दुसऱ्या प्रकारात जास्त, कारण भोक निदान डोळ्यांना दिसतं, हा खोटा आकडा रंगाच्या आड लपून जातो.

मी स्वतः यात अडकलोय. ८५० चं तापमान काढलं होतं, पठारावर एक मोठा गरम डाग दिसत होता, आणि त्याचं कारण शोधण्यात माझे दोन दिवस गेले, वारा बघितला, सूर्यप्रकाश बघितला, ढग बघितले. शेवटी जमिनीवरचा दाब शेजारी ठेवून बघितला तेव्हा कळलं की तिथे हवाच नाहीये. तेव्हापासून प्रत्येक खालच्या लेव्हलच्या नकाशावर मी आधी मुखवटा टाकतो. करायचं इतकंच की त्याच वेळेचा जमिनीवरचा दाब त्याच फाईलीतून किंवा सोबतच्या फाईलीतून घ्यायचा, आणि जिथे तो दाब तुमच्या लेव्हलपेक्षा कमी आहे तिथले सगळे बिंदू राखाडी करायचे. एक गोष्ट सांभाळा, जमिनीवरचा दाब फाईलीत बऱ्याचदा पास्कलमध्ये असतो आणि लेव्हल हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे १०० ने भागल्याशिवाय तुलना केली तर मुखवटा कुठेच लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. समुद्रसपाटीला आणलेला दाब पण इथे चालत नाही, खरा जमिनीवरचाच हवा.

डेटा कुठून घ्यायचा?

मागच्या काळासाठी ईआरए५ घ्या. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्राने बनवलेला, १९४० पासून दर तासाचा, पाव अंशाच्या ग्रिडवर (जाळीवर) ३७ दाबपातळ्या, आणि नोंदणी केली की कोपर्निकसच्या क्लायमेट डेटा स्टोअरवरून फुकट मिळतो. पुढच्या अंदाजासाठी अमेरिकेचं जीएफएस, दिवसातून ४ वेळा चालतं आणि तेही फुकट. फॉरमॅट ग्रिब किंवा नेटसीडीएफ असेल. ग्रिब मध्ये प्रत्येक आडवा काप हा एक वेगळा मेसेज असतो, म्हणजे फाईल आधीच कापांची गड्डी आहे, नेटसीडीएफ मध्ये अख्खा ठोकळा एका व्हेरिएबलमध्ये असतो आणि काप तुम्ही काढता.

सॉफ्टवेअर कुठलं वापरू?

काय करायचंय त्यावर आहे. नुसतं बघायचंय तर ब्राउझरमध्ये विंडी किंवा अर्थ नलस्कूल उघडा, लेव्हल बदलत राहा, हात बसतो आणि पातळ्यांचा अंदाज येतो. स्वतःच्या फाईलीतून पटकन नकाशा हवा असेल तर नासाच्या गॉडर्ड संस्थेचं पॅनोप्ली, क्लिक करून चालतं आणि ग्रिब नेटसीडीएफ दोन्ही उघडतं. युनिडाटाचं आयडीव्ही थोडं जड आहे पण काप माउसने धरून वर खाली ओढता येतो, आणि ओढता ओढता हवा कशी बदलते ते जे दिसतं ते शंभर स्थिर नकाशांत दिसत नाही, शिकणाऱ्याने एकदा तरी करून बघावं. ग्रॅड्स जुनं आहे, कमांड टाइप कराव्या लागतात, पण लेव्हल सेट केली आणि डिस्प्ले म्हटलं की नकाशा हजर, म्हणून अजून खूप लोक सोडत नाहीत. एनसीएल मध्ये २०१९ पासून नवीन काम थांबलंय, जुन्या स्क्रिप्ट चालवायला ठीक, नवीन शिकायला घेऊ नका.

रोज तेच नकाशे काढायचे असतील तर सरळ पायथन शिका. एक्सअरे ने डेटा उघडायचा, मेटपाय ने हिशोब करायचे, मॅटप्लॉटलिब आणि कार्टोपाय ने नकाशा. सुरुवातीला वेळ जातो. नंतर मात्र नकाशात काय घडतंय याची प्रत्येक ओळ तुमच्या हातात असते, आणि चूक कुठे झाली ते शोधता येतं, जे क्लिकच्या सॉफ्टवेअरमध्ये अवघड आहे.

मला ६०० ची लेव्हल हवी आहे, फाईलीत फक्त ७०० आणि ५०० आहे. मधली काढता येते का?

येते, पण इंटरपोलेट (दोन आकड्यांवरून मधला काढणं) दाबाच्या लॉगरिदममध्ये करा. दाब उंचीप्रमाणे सरळ रेषेत कमी होत नाही, वर जाल तसा त्याचा उतार मंदावतो, त्यामुळे दाबाचा लॉग घेतला तर तो उंचीच्या जवळपास प्रमाणात येतो. उदाहरण घ्या, ७०० वर ८ अंश आणि ५०० वर उणे ७ अंश आहे. सरळ सरासरी काढली तर ६०० वर ०.५ येतं, लॉगने काढलं तर १.१ च्या आसपास. अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला, आणि शून्य अंशाची रेषा कुठे काढायची हा प्रश्न असेल तर तेवढ्यानेही रेषा बरीच सरकू शकते. मेटपाय मध्ये यासाठी तयार फंक्शन आहे.

आणि हे नक्की वाचा: एक्सअरे मध्ये लेव्हल निवडताना सगळ्यात जवळची दे असा पर्याय लावला असेल तर ६०० मागितल्यावर ते शांतपणे दुसरीच कुठलीतरी लेव्हल उचलून देतं, एरर येत नाही, वर शीर्षकात तुम्ही ६०० लिहिलेलं असतं. म्हणून शीर्षकात आकडा हाताने टाइप करू नका, निवडून आलेल्या डेटातूनच लेव्हल छापा. इंटरपोलेशनने नवीन माहिती तयार होत नाही हे पण लक्षात असू द्या, ७०० आणि ५०० च्या मधे एखादा पातळ उलटा थर (जिथे वर जाताना तापमान वाढतं) असेल तर तो असा काढलेल्या ६०० वर कधीच दिसणार नाही.

मॉडेल लेव्हल म्हणजे काय, तीच वापरली तर?

मॉडेल आतून ज्या थरांवर गणित करतं ते थर. खाली ते जमिनीच्या चढउताराला चिकटून जातात आणि वर हळूहळू दाबाच्या पातळीसारखे सपाट होत जातात. ईआरए५ मध्ये असे १३७ आहेत. जमिनीलगतच्या थराचा अभ्यास असेल तर हे उत्तम कारण खाली थर दाट असतात आणि जमिनीत घुसायचा प्रश्नच येत नाही. पण मॉडेल लेव्हलचा नकाशा साध्या आडव्या कापासारखा वाचू नका, डोंगरावर तो काप वर चढलेला असतो, तिथे तापमान कमी दिसलं तर ते उंचीमुळे आहे. पॅराव्ह्यू सारख्या सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यूआरएफ (ठराविक भागापुरतं चालवायचं हवामान मॉडेल) ची फाईल टाकून थराचा नंबर हीच उंची समजली तर हीच चूक होते.

थीटाच्या पृष्ठभागावर काप काढतात ते कशासाठी?

थीटा म्हणजे पोटेन्शियल टेंपरेचर, हवा उष्णता न देता घेता १००० हेक्टोपास्कलला आणली तर तिचं जे तापमान होईल ते. ते सारखं असलेला पृष्ठभाग, आयसेंट्रोपिक म्हणतात त्याला. ढग बनत नसतील, उष्णता आत बाहेर होत नसेल तर हवा याच पृष्ठभागावरून सरकते. त्यामुळे या कापावर वारा आणि त्या पृष्ठभागाचा दाब एकत्र काढला की हवा चढतेय का उतरतेय ते थेट दिसतं, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वारा जात असेल तर चढतेय. कोरड्या हवेची जीभ किंवा ओलाव्याचा पट्टा शेकडो किलोमीटर कसा पसरला हे दाबाच्या कापावर तुटक दिसतं, कारण हवा त्या कापातून वर खाली निसटून जाते, आणि इथे सलग दिसतं. मला हे नकाशे फार आवडतात आणि ते कमी वापरले जातात याचं वाईट वाटतं. जमिनीजवळ मात्र दिवसा नीट चालत नाहीत, तिथे उष्णता सतत मिसळत असते.

रंग कुठले लावू? इंद्रधनुष्य छान दिसतं की.

छान दिसतं, पण फसवतं. इंद्रधनुष्यात पिवळा एकदम उजळ आहे आणि निळा गडद, मधे उजेड वर खाली उड्या मारतो, त्यामुळे डेटात कडा नसली तरी डोळ्याला कडा दिसते आणि खरी कडा हिरव्या पट्ट्यात हरवते. रंग ओळखायला त्रास असणाऱ्यांना तर लाल हिरवा वेगळा दिसतच नाही. मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये आवृत्ती २.० ला मूळ रंगपट्टा बदलून विरिडिस केला तो याच कारणाने.

वाऱ्याचा वेग, आर्द्रता अशा एका बाजूला वाढणाऱ्या गोष्टींना फिक्यापासून गडदपर्यंत जाणारा एकच पट्टा द्या. सरासरीपासूनचा फरक, व्हॉर्टिसिटी, उभी हालचाल यांना मधे पांढरा आणि दोन बाजूंना दोन रंग, आणि पांढरा बरोबर शून्यावरच आला पाहिजे, त्यासाठी पट्ट्याची वरची खालची मर्यादा सारखी ठेवा, उदाहरणार्थ उणे २ ते २. सॉफ्टवेअरला आपोआप ठरवू दिलं तर ते उणे १.३ ते ४.७ असं काहीतरी धरतं आणि पांढरा भलतीकडेच जातो.

दोन वेळांची किंवा दोन मॉडेलची तुलना असेल तर दोन्ही नकाशांना एकच मर्यादा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही राहून जातं.

कंटूर (समोच्च रेषा) किती अंतराने काढायचे?

८५० आणि ७०० ची उंची ३० मीटरने, ५०० ची ६० ने, ३०० आणि वर १२० ने, समुद्रसपाटीचा दाब ४ हेक्टोपास्कलने. विषुववृत्ताजवळ उंचीतला फरक इतका कमी असतो की या अंतराने एखादीच रेषा येते, तिथे १० किंवा २० मीटर घ्या, किंवा उंची सोडून वाऱ्याच्या प्रवाहरेषाच काढा. रेषा फार दातेरी दिसत असतील तर हलकं स्मूदिंग चालतं, पण किती केलं ते नकाशावर लिहा.

ईआरए५ मधून उंची काढताना ती जिओपोटेन्शियल म्हणून येते, ९.८०६६५ ने भागल्यावर मीटर मिळतात. ५०० च्या नकाशावर ५५००० च्या आसपासचे आकडे दिसले तर भागायचं राहिलंय.

वारा कसा दाखवू?

तीन पद्धती. बाण, प्रवाहरेषा, आणि विंड बार्ब म्हणजे काठीला दांड्या. बार्बमध्ये अर्धी दांडी ५ नॉट (ताशी सागरी मैल), पूर्ण १०, आणि त्रिकोणी झेंडा ५०. डेटा मीटर प्रति सेकंदात असतो, आणि मॅटप्लॉटलिब एकक बघत नाही, जे आकडे द्याल त्यालाच ५, १०, ५० लावतं, म्हणून आधी नॉटमध्ये बदला, नाहीतर सगळा वारा निम्मा दिसेल. दक्षिण गोलार्धात दांड्या काठीच्या दुसऱ्या बाजूला काढतात, कमी दाब दुसऱ्या बाजूला असतो म्हणून, तोही पर्याय वेगळा लावावा लागतो.

पाव अंशाच्या ग्रिडवर प्रत्येक बिंदूला बार्ब काढला तर नकाशा काळा होतो, दर आठवा किंवा दहावा बिंदू घ्या. वेग रंगाने खाली भरायचा आणि वर विरळ बार्ब, हे जमून येतं.

डब्ल्यूआरएफ वाल्यांसाठी: त्याच्या वाऱ्याचे दोन घटक मॉडेलच्या ग्रिडच्या दिशेने असतात, खऱ्या पूर्व उत्तरेच्या दिशेने नाही. लँबर्ट प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची एक पद्धत) मधल्या रेखांशापासून दूर गेलं की फरक वाढत जातो. फिरवून घ्या. शिवाय हे दोन घटक ग्रिडच्या चौकटीच्या कडांवर असतात, मध्यावर आणल्याशिवाय त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून वेग काढू नका.

नकाशा कोरा येतोय / उलटा येतोय / मधे पांढरी रेघ येतेय.

कोरा: कार्टोपाय मध्ये डेटा कुठल्या पद्धतीच्या अक्षांश रेखांशात आहे ते ट्रान्सफॉर्म म्हणून सांगावं लागतं, नकाशाचं प्रोजेक्शन वेगळं आणि डेटाचं वेगळं. ते राहिलं तर ७० अंश हे ७० मीटर समजलं जातं आणि तुमचा सगळा डेटा एका ठिपक्यात जाऊन बसतो. उलटा: अनेक फाईलींत अक्षांश ९० पासून सुरू होऊन उणे ९० पर्यंत उतरतात, तुम्ही नुसता ॲरे चित्रासारखा काढला किंवा १० ते ३० असा तुकडा मागितला की गडबड होते, ३० ते १० मागा. पांढरी रेघ: रेखांश ० ते ३५९.७५ असतात, ३६० चा बिंदू नसतो, म्हणून शून्य रेखांशावर फट राहते. सायक्लिक पॉइंट (पहिलाच बिंदू शेवटी पुन्हा) जोडायचं फंक्शन कार्टोपाय मध्ये आहे.

उभ्या हालचालीच्या नकाशावर जिथे पाऊस आहे तिथेच उणे आकडे का?

कारण ती ओमेगा आहे, पास्कल प्रति सेकंद. हवा चढली की तिचा दाब कमी होतो, म्हणून उणे म्हणजे वर. ७०० च्या आसपास उणे १ पास्कल प्रति सेकंद म्हणजे साधारण ११ सेंटीमीटर प्रति सेकंद वर. कलरबारवर "चढती" आणि "उतरती" असे शब्दच लिहून टाका, वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात.

रडारचं चित्र पण आडवा काप आहे का?

नेहमीचं जे दिसतं ते नाही. रडार एका कोनात फिरतो, समजा अर्ध्या अंशावर, त्यामुळे त्याचं चित्र पसरट शंकूचं असतं. पृथ्वीची वक्रता आणि किरणाचं नेहमीचं वाकणं धरून अर्ध्या अंशाचा किरण १०० किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंच असतो आणि २०० किलोमीटरवर ४ किलोमीटरच्याही वर. म्हणजे चित्राच्या मध्यात तुम्ही ढगाचे पाय बघताय आणि कडेला छाती. अनेक कोनांचा डेटा एकत्र करून एकाच उंचीवर आणला की कॅपी मिळतो, तो मात्र खरा आडवा काप. मॉडेलच्या ३ किलोमीटरच्या कापाशी तुलना करायची तर कॅपी शीच करा.

थ्रीडी मध्ये काप ठेवला तर जास्त कळतं का?

कळतं, काही वेळा. खरं प्रमाण ठेवलं तर वातावरण कागदासारखं पातळ दिसेल, म्हणून सॉफ्टवेअर उंची कित्येक पट ताणतं. उतार आणि कोन त्यामुळे खोटे असतात. तिरक्या कोनातून बघताना काप नकाशावर कुठल्या जागेच्या वर आहे ते चुकतं, म्हणून मेट थ्रीडी मध्ये खाली सावली पाडायची आणि उभा खांब रोवायची सोय दिलीये, ती चालू ठेवा. मोजमाप करायचं असेल तेव्हा सरळ वरून बघा.

एक काप बघून अंदाज बांधता येतो का?

नाही बांधू. मध्य अक्षांशांतलं वाढत असलेलं कमी दाबाचं क्षेत्र उंचीबरोबर पश्चिमेकडे कललेलं असतं, जमिनीवरचं केंद्र एकीकडे आणि ५०० चा ट्रफ त्याच्या पश्चिमेला. तो कल संपून सगळं एकावर एक आलं की त्याची वाढ थांबत येते. हे एका कापात दिसणं शक्यच नाही, ८५०, ५०० आणि २५० शेजारी शेजारी लावले की लगेच दिसतं. उष्णकटिबंधीय चक्रीवादळ उलट, ते उभं असतं, ८५० वर जोरदार घेर आणि २०० वर तोच घेर सैल होऊन बाहेर फेकणारी हवा. दोन पातळ्यांवर वाऱ्यात खूप फरक असेल तर वादळ तिरकं होतं आणि कमकुवत पडतं, म्हणून ८५० आणि २०० च्या वाऱ्याचा फरक हा अंदाज देणाऱ्यांचा रोजचा नकाशा आहे. माझी सवय अशी की चार चौकटींचं एक पान, चारही चौकटींत तोच भाग, तीच वेळ, खालून वर लेव्हल. आणि वेळ नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्ये लिहा, सोबत मॉडेल कधी सुरू झालं ते आणि पुढचा कितवा तास ते.

फाईल उघडली की कॉम्प्युटर अडकतो, काय करू?

सगळं उघडू नका. पाव अंशाच्या जागतिक ग्रिडवर एका कापात ७२१ गुणिले १४४० म्हणजे १० लाखांहून जास्त बिंदू. ३७ लेव्हल आणि २४ तास धरले तर एकाच व्हेरिएबलचे ९२ कोटी आकडे, मेमरीत साडेतीन जीबीच्या वर. डाउनलोड करतानाच लेव्हल, भाग आणि वेळ निवडा. आधीच उतरवलेली असेल तर ग्रिबला डब्ल्यूग्रिब२ आणि नेटसीडीएफला सीडीओ ने हवा तेवढा तुकडा कापून वेगळी फाईल करा, आणि तीच पुढे वापरा.